मॅच फातोर्ड्यात, नाचक्की सिंगापुरात

परदेशात राहून भारताची फुटबॉल मॅच बघायची असेल, तर मुळात देश निवडतानाच काळजी घ्या. ज्यांच्याकडून आपण हरू शकतो अशा देशात घर घेऊ नका. मग राहायला फार देश उरत नाहीत म्हणा. मी चुकलो, मी सिंगापुरात राहतो.

भारतातल्या अ‍ॅपचे वर्षाचे पैसे आगाऊ भरून ठेवा. म्हणजे ऐन वेळी ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ हे सुवचन हक्काने वाचता येतं. १४ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री भारत-सिंगापूर मॅच होती, आशिया कपच्या पात्रतेची. मी शेवटी धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने फोन टीव्हीसमोर धरला, आणि मध्येच आई आली, “जेवलास का रे?” चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगटेने लांबून मारलेला तो अफलातून गोल मी आईच्या कानाच्या पाळीमागून पाहिला.

आपला गोल झाल्यावर ओरडू नका. एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी इमारतींतल्या घरांच्या, भिंती पातळ असतात. ४४व्या मिनिटाला सिंगापूरच्या सॉन्गने बरोबरी केली आणि ५८व्याला त्यानेच दुसरा घातला, तेव्हा शेजाऱ्याने व्याजासकट परतफेड केली. मॅच आपल्या गोव्यात, मडगावच्या फातोर्ड्याला, आरडाओरडा माझ्या हॉलमध्ये.

सकाळी लिफ्टऐवजी जिना वापरा.

कॉफीवाले अंकल “नेव्हर माइंड, क्रिकेट यू व्हेरी गुड” म्हणतील. मान डोलवा.

१९५६ सालचं मेलबर्न ऑलिंपिक तोंडपाठ ठेवा. नेव्हिल डिसोझाची ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, भारत चौथा. समोरच्याने “आणि त्यानंतर?” विचारलं की दुसरी कॉफी मागवा.

आता मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. हा ग्रुप मॅच संपेपर्यंत उघडू नका. संपल्यावर तर मुळीच नको. मी उघडला. एका मित्राचा मेसेज होता: ‘१४० कोटींत अकरा जण सापडत नाहीत?’ पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. या मेसेजला अंगठा द्यायचा असतो, सतरा जणांनी दिलाही. साठेक लाखांच्या सिंगापूरने आपल्याला हरवलं, २०२७ च्या आशिया कपचं दार बंद झालं, त्यात हसण्यासारखं बरंच आहे. जुलैमध्ये आपली इंडियन सुपर लीगच लटकवून ठेवली, हंगाम कधी सुरू होणार हे खुद्द खेळाडूंना माहीत नव्हतं, हेही विनोदीच. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला एक्केचाळिसाव्या वर्षी परत मैदानात उतरावं लागतं. हसा की! पण यातलं त्या सतरा जणांना काही ठाऊक तरी होतं का? छांगटे सोडून आणखी तीन नावं विचारा त्यांना. छांगटेही राहू द्या.

आणि मेसेज टाकणाऱ्या मित्रा, तू रे? पाच दिवस आधी, ९ तारखेला, हेच दोन संघ इथे नॅशनल स्टेडियमवर खेळले. तुझ्या घरापासून एमआरटी मेट्रोने चार स्टेशनं. तिकीट मी काढतो म्हटलं, तर “कोण जाणार, उद्या ऑफिस आहे.” दर आठवड्याला पहाटे तीनला मँचेस्टरसाठी उठतोस, तेव्हा ऑफिसला सुट्टी असते काय? त्या दिवशी उत्तरार्ध सुरू होताच आपल्या झिंगनला लाल कार्ड मिळालं, दहा जण लढले, नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी केली. मी घसा बसेपर्यंत ओरडलो, एकटा. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

अकरा सापडत नाहीत म्हणतोस. तुझा मुलगा शाळेच्या टीममध्ये होता ना? पीएसएलई, म्हणजे इथली सहावीची परीक्षा, आली म्हणून त्याचे बूट तूच गॅलरीतल्या कपाटावर टाकलेस. मी तेव्हा तुझ्याच घरी बसलो होतो, पोहे खात. पोरगा काही बोलला नाही, नुसता त्या कपाटाकडे बघत राहिला. ते बूट त्याला आता होणारही नाहीत.

तेव्हा तो मेसेज आधी डिलीट कर. तिन्ही चेहऱ्यांसकट.