टेकडीचं सोंग

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे फुकट अपडेट थांबले आणि बाबांपाठोपाठ बाबांचा कॉम्प्युटरही निवृत्त झाला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आमच्या डब्यात ती कुठली असायला! मी विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट टाकलं, त्यातलं एक्सएफसीई हे हलकंफुलकं रूप. बाबांनी चष्मा पुसला. "माझा कॉम्प्युटर कुठंय?"

"हाच की."

"मग टेकडी कुठंय?"

टेकडी जुन्या विंडोज एक्सपीची. बाबांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे हिरवी टेकडी, खाली निळी पट्टी आणि कोपऱ्यात स्टार्ट. सगळ्याची सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. नव्या मशीनला पैसे नव्हतेच, म्हटलं टेकडीचं तरी आणू.

थीम उतरवली. ती 'डॉट थीम्स' या फोल्डरात टाकायची. फोल्डर बनवलं आणि डोळ्यांदेखत नाहीसं झालं. आपल्याकडे टिकली लावली की चेहरा उठून दिसतो. लिनक्समध्ये नावाच्या कपाळी टिंब दिलं की फोल्डर गुप्त! कंट्रोल एच दाबल्यावर दर्शन झालं. थीम बसली, तर मेनूत पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. रात्री साडेबाराला मी थीमचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या फायलीत तांदळातले खडे निवडावेत तसे रंग निवडत होतो. मग स्टार्टचं बटण पट्टीत मावेना. पट्टी वाढवली, तर शेजारची चिन्हं पुरीसारखी टम्म फुगली. दोन रात्री गेल्या यात. (ऑफिसात डोळे सुजल्याचं कारण मी 'लग्नाचं जागरण' सांगितलं.)

टेकडी मात्र झटक्यात लागली. कौतुकानं सांगितलं, "हा फोटो चार्ल्स ओरिअर यांनी 1996 साली कॅलिफोर्नियात काढलाय."

"काहीतरीच! यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना लागते ही. पावसाळ्यात बघ."

बाबांनी पत्त्यांचे दोन डाव टाकले, सोसायटीचा हिशेब उघडला. एक शब्द नाही. सोंग वठलं म्हणून मी स्वतःलाच कंदी पेढा भरवला.

तेवढ्यात शेजारचे काका पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यात कुंडलीचं सॉफ्टवेअर, डॉट ईएक्सई, म्हणजे विंडोजसाठीचं. बाबांनी ऐटीत दोनदा क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. टेकडी ढिम्म.

"सगळं जागेवर आहे, मग हे का उघडत नाही?"

आता काय लपवणार? विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव वाइन. म्हणालो, "बाबा, याला आधी वाइन टाकावी लागेल."

स्वयंपाकघरातून आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "आज संकष्टी आहे!"