प्रसिद्ध ठिकाणांच्या याद्या पुरे, जेवण कुठे मिळते ते सांगा

मुंबईत येणाऱ्या बाहेरगावच्या माणसाला 'कुठे खावे' हे शिकवण्याचा जो उद्योग सध्या बोकाळला आहे, त्याचा मला मनस्वी संताप येतो. फोन उघडावा तर रील समोर येते. तव्यावर लोण्याची लादी घसरते, चीज हातभर ताणले जाते, एक तरुण पहिल्याच घासाला डोळे मिटून मान डोलावतो आणि शेवटी 'सेव्ह करून ठेवा, मित्राला टॅग करा' असे बजावून ती संपते. तिथे बसायला जागा आहे की उभ्याने खायचे, दुकान किती वाजता मिटते, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते, दोन माणसांचे बिल कर धरून किती होते, यांपैकी एक अक्षरही त्यात नसते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात तो हाच, फक्त आता त्याला पार्श्वसंगीत आले आहे.

मुंबईला येणारा प्रत्येक जण काही सहलीला येत नाही. सोलापूरची सिद्धेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी, गोंदियाहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस या गाड्या रोज सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर जी माणसे उतरवतात, त्यांत कोणाची मंत्रालयात फाइल अडलेली असते, कोणाची उच्च न्यायालयात तारीख असते, कोणाला परळच्या टाटा रुग्णालयात नातेवाइकाला दाखवायचे असते, तर कोणाची मुलगी परीक्षेला बसणार असते. या माणसांना चीज ताणायचे नसते. त्यांना सकाळी तोंड धुऊन पोटभर नाश्ता, दुपारी पाठ टेकून वरण-भात-पोळी आणि रात्रीची गाडी पकडण्यापूर्वी पोटाला बाधणार नाही असे दोन घास हवे असतात, आणि तेही खिशात मोजून ठेवलेल्या पैशांत. एवढ्या साध्या गरजेची माहिती या अवाढव्य शहरात कोणीही नीट लिहून ठेवलेली नाही, आणि ज्यांनी लिहिल्याचा दावा केला आहे त्यांनी ती लिहिली नसती तर बरे झाले असते.

'प्रत्येक खिशाला परवडणारी मुंबई' अशा मथळ्याखाली जे छापले जाते, त्यात दोनच खिसे असतात. एक वडापावचा आणि दुसरा कुलाब्यातल्या मद्यगृहाचा. मधला, म्हणजे माणशी दीडशे ते तीनशे रुपये खर्च करून खुर्चीवर बसून जेवू इच्छिणारा खिसा या लेखकांना दिसतच नाही. वडापाव उत्तम पदार्थ आहे, मीही खातो. परंतु साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या वडिलांना दुपारचे जेवण म्हणून वडापाव द्या असे सांगणाऱ्याने आपल्या घरी तसे करून पाहावे. स्वस्त म्हणजे रस्त्यावर, उभ्याने, गाड्यांच्या धुरात आणि हात धुवायला पाणी नसताना, ही व्याख्या कोणी ठरवली? आणि हात धुण्याचे निघालेच आहे तर स्वच्छतागृहाचेही बोलले पाहिजे. घरातल्या बायकांना बरोबर घेऊन निघालेला माणूस खाण्याचे ठिकाण निवडताना आधी याच गोष्टीचा विचार करतो. पण 'मुंबईतील अवश्य भेट द्यावीत अशी पंचवीस ठिकाणे' लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो विचार एकदाही डोकावत नाही.

चांगली ठिकाणे नाहीत असे माझे मुळीच म्हणणे नाही, आणि माझी तक्रार त्या ठिकाणांविरुद्धही नाही. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह आहे, प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष आहे, आस्वादची मिसळ आहे. धोबी तलावाला १९०४ पासूनचे कयानी आहे, तिथे सकाळी बनमस्का आणि चहा घेऊन माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढू शकतो. माटुंगा स्थानकाजवळ, जिना चढून गेल्यावर, रामा नायक यांचे १९४२ सालचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. तिथे केळीच्या पानावर जे साधे, गरम, वाढून वाढून घातलेले जेवण मिळते, त्यासाठी मी कोणाशीही भांडायला तयार आहे. पण हे बोर्डिंग सोमवारी बंद असते, आणि माटुंग्याचेच कॅफे मद्रासही सोमवारीच बंद असते, हे यादीत लिहायला किती शाई लागली असती? सरकारी कामासाठी येणारा माणूस रविवारी रात्री गाडीत बसतो आणि सोमवारी सकाळी मुंबईत उतरतो. नेमका तोच वार! बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव प्रत्येक यादीत असतो. ते फक्त दुपारच्या जेवणापुरते उघडे असते हे मात्र क्वचितच कोणी सांगतो, त्यामुळे संध्याकाळी तिथे पोहोचलेली बिचारी माणसे बंद दाराचे छायाचित्र काढून परत फिरतात. मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या गल्लीत रात्रभर जी खाद्यजत्रा भरते ती रमजानच्या महिन्यातली. पण त्या रील्स बाराही महिने फिरत असतात, आणि नोव्हेंबरात तिथे जाऊन 'ते सगळे कुठे गेले' म्हणून विचारणारी माणसे भेटतात.

वेळेच्या बाबतीत तर सगळा आनंदच आहे. मंत्रालयात सर्वसामान्य अभ्यागताला दुपारी दोननंतर आत सोडण्याची पद्धत. म्हणजे रांगेत एक-दीडपासून उभे राहायचे, कारण उशीर झाला तर साहेब बैठकीला निघून जातात. काम होवो न होवो, बाहेर पडायला साडेतीन-चार वाजतात. आता जेवायला निघावे तर बहुतेक उडप्यांकडे 'राइस प्लेट' ची पाटी उतरलेली असते, लंच होमचे शटर अर्धे खाली आलेले असते आणि आतले वेटर बाकावर आडवे झालेले असतात. चर्चगेटच्या खाऊगल्लीतल्या गाड्यांची कचेऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीची गर्दी ओसरलेली असते आणि उरलेली भाजी तळाशी लागलेली असते. संध्याकाळी सातपर्यंत या भागात गरीब आणि मध्यमवर्गीय माणसाने काय खावे, याचे उत्तर सँडविच, डोसा आणि पुन्हा सँडविच असे आहे. दुपारी स्वयंपाकघर बंद ठेवणाऱ्यांचा दोष नाही. पहाटे पाचपासून राबणाऱ्या माणसांनाही पाठ टेकायला हवी. पण जो स्वतःला मार्गदर्शक म्हणवतो त्याने 'पावणेतीनच्या आत पोहोचा' हे तीन शब्द लिहू नयेत, याला काय म्हणावे?

मुंबईतल्या नातेवाइकांना विचारावे तर ते हसून म्हणतात, "अहो, मुंबईत खायला काय कमी आहे? ॲपवर बघा की." ॲपवर पाहिले. साडेचार तारे, आठशे मीटर, घरगुती थाळी एकशे साठ रुपये. नकाशा दाखवेल तसे चालत गेल्यावर एका इमारतीच्या मागच्या बोळात एक खिडकी सापडते, खिडकीसमोर पाठीवर चौकोनी पिशव्या लावलेली पाच-सहा मुले उभी असतात, आणि आतला माणूस आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहून सांगतो की इथे बसून खाण्याची सोय नाही, ऑर्डर फोनवरूनच द्यावी लागेल. पत्ता काय टाकू, हीच खिडकी? ज्याला घर नाही, हॉटेलची खोली नाही, फक्त हातात पिशवी आहे, त्याने घरपोच जेवण कोणत्या घरी मागवावे?

बरे, बसायला जागा मिळालीच तर पुढचा खेळ भावाचा. खाली पंखा आणि वर वातानुकूलित दालन, दोन्हीकडे डोसा तोच, चटणी तीच, पण वरच्या मजल्याचे दरपत्रक वेगळे आणि ते हातात पडेपर्यंत आपण बसलेलो असतो. पूर्वी वातानुकूलित आणि साध्या उपाहारगृहांच्या जीएसटीच्या दरात फरक होता. नोव्हेंबर २०१७ पासून तो फरक गेला आणि दोन्हींना पाच टक्के लागू झाले. सरकारने एवढे केले, पण वरच्या मजल्याचे दरपत्रक काही खाली उतरले नाही. मग वेटर येऊन विचारतो, "रेग्युलर की बाटली?" त्याच्या स्वरात रेग्युलर पाणी मागणे म्हणजे जणू उधारी मागणे असते. बिचकलेला पाहुणा बाटली म्हणतो आणि छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मोजतो. उपाहारगृहांनी असे जास्त पैसे घेण्यास डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मोकळीक दिली असल्यामुळे तिथे वाद घालण्यातही अर्थ नाही. वाद घालावा तो सेवाशुल्कावर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट सांगितले की हे शुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तरीही एका उपाहारगृहात माझ्या बिलावर दहा टक्क्यांची ती ओळ होतीच. सहाशेच्या जेवणावर साठ रुपये सेवाशुल्क, मग त्या सहाशे साठांवर पाच टक्के कर, म्हणजे तेहतीस. एकूण सहाशे त्र्याण्णव. सेवाशुल्क काढा म्हटल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांच्या गल्ल्यात हात घातला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला पाठ आहे, परंतु रात्री साडेदहाला ज्याची गाडी आहे तो माणूस साडेनऊला तक्रार नोंदवत बसत नाही, आणि हे त्या गृहस्थांना पक्के ठाऊक असते.

एवढे होऊनही सुखाने घास घेता येईल असे नाही. गर्दीच्या ठिकाणी आपण बसलो की पाचव्या मिनिटाला खुर्चीमागे पुढचे कुटुंब येऊन उभे राहते. ते घड्याळाकडे पाहत नाहीत, थेट आपल्या ताटाकडे पाहतात. भात संपत आला की त्यातले एक मूल खुर्चीची पाठ धरते. ताक पिऊन होण्यापूर्वी बिल येते आणि बडीशेपेची वाटी त्या बिलावर वजन म्हणून ठेवलेली असते. म्हातारी माणसे अशा वेळी अर्धे जेवून उठतात. थाळीतली एक पोळी बायकोच्या ताटात ठेवली तर 'थाळी शेअर केल्यास वेगळा आकार' अशी पाटी भिंतीवर असतेच.

याच शहराला एके काळी परक्या माणसाला जेवू घालणे उत्तम जमत होते, म्हणून राग अधिक येतो. गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेल्या हजारो कामगारांना खाणावळवाल्या बायका महिन्याच्या हिशोबावर दोन वेळ जेवण देत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवले आणि बँकेची दारे उघडून दिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जेवणारे गेले, खाणावळी आटल्या आणि त्या जमिनींवर जे मॉल उभे राहिले त्यांच्या फूड कोर्टात पाण्याचा पेलासुद्धा शोधावा लागतो. सरकारने १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर काढली, ती केंद्रे पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कल्पना उत्तम, पण प्रत्येक केंद्राच्या थाळ्यांची संख्या ठरलेली आणि वेळ दुपारची मोजकी. तिकडे चेन्नईत २०१३ पासून अम्मा उणवगम या सरकारी भोजनालयांत एक रुपयात इडली मिळू लागली आणि बंगळुरूत २०१७ पासून इंदिरा कॅन्टीनमध्ये पाच रुपयांत नाश्ता, दहा रुपयांत जेवण. आपल्याकडे राज्याची राजधानी, राज्यभरातल्या माणसांना कामासाठी इथेच यायची सक्ती, आणि मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरात बाहेरगावच्या माणसाला माफक दरात दिवसभर जेवण देणारे एक मोठे भोजनालय असावे असे एकाही सरकारला वाटू नये?

सरकारचे राहू द्या. निदान जे रोज फोन घेऊन तव्यापुढे उभे राहतात त्यांनी कॅमेरा जरा वळवून दाराबाहेरची वेळेची पाटी, दरपत्रकाचे शेवटचे पान आणि हात धुण्याचे बेसिन दाखवावे. तीन सेकंद पुरतात. आणि 'मुंबईत खायला काय कमी आहे' असे म्हणणाऱ्या माझ्या तमाम आप्तांनी, पुढच्या वेळी मी मंत्रालयातून चार वाजता बाहेर पडेन तेव्हा, दीडशे रुपयांत बसून वरण-भात मिळेल असे एक ठिकाण नावानिशी सांगावे. ॲपवर बघा म्हणू नये. तेवढे जमत नसेल तर सरळ घरी जेवायला बोलवावे.