जपानच्या सुरक्षेची किंमत

पुण्यामुंबईच्या मित्रमंडळींत संरक्षणखर्चाचा विषय निघाला, की एक मत हमखास ऐकू येते: अमेरिकेच्या छत्राखाली जपान फुकटात सुरक्षित राहिला आणि वाचलेल्या पैशातून श्रीमंत झाला; आपणही ‘क्वाड’ला, म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या गटाला, लष्करी आघाडीचे रूप द्यावे. चीनशी सीमेवर एकट्याने झुंजणाऱ्या देशाची ही खंत मला समजते. पण योकोहामात राहून पाहताना हा हिशेब मला अर्धाच वाटतो.

जपान-अमेरिका यांच्यातील १९६० च्या सुरक्षा करारानुसार जपानवर हल्ला झाल्यास अमेरिकेने बचावाला यायचे आणि जपानने अमेरिकी लष्करी तळांसाठी जागा द्यायची. उलट बाजूने अमेरिकेच्या भूमीचे रक्षण करण्यास जपान बांधील नाही, ही ट्रम्प यांची तक्रार खरी आहे. मात्र १९७८ पासून जपान या तळांच्या खर्चातही वाटा उचलत आला आहे. २०२२ ते २०२६ या वर्षांसाठी तो दरसाल सरासरी सुमारे २११ अब्ज येन ठरला.

खरा भार पैशापलीकडचा आहे आणि तो साऱ्या जपानवर सारखा पडलेला नाही. देशाच्या भूभागापैकी जेमतेम ०.६ टक्के असलेल्या ओकिनावा या दक्षिणेकडील बेटांच्या प्रांतात केवळ अमेरिकी फौजांसाठी राखलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन आहे. गिनोवान शहराच्या ऐन मध्यभागी असलेला फुतेन्माचा हवाई तळ परत देण्याचे १९९६ मध्ये ठरले, पण त्याच्या बदल्यात त्याच प्रांतात, हेनोकोच्या समुद्रात, भराव घालून नवी धावपट्टी बांधायला घेतली गेली. ओकिनावातील २०१९ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के लोकांनी या भरावाला विरोध केला, तरी काम थांबले नाही. माझ्यासारखा योकोहामाचा करदाता येन मोजून मोकळा होतो. विमानांचा आवाज, अपघातांची धास्ती आणि युद्ध झालेच तर पहिला मारा ओकिनावाच्या माणसाच्या वाट्याला येतो. कोणत्याही टक्केवारीत याची नोंद होत नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते.

शिवाय एवढे करूनही खर्च टळला नाहीच: संरक्षणावरील तरतूद २०२७ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) दोन टक्क्यांवर नेण्याचे जपानने डिसेंबर २०२२ मध्ये ठरवले, आणि भारताचा खर्चही साधारण तेवढाच आहे. त्यामुळे लष्करी आघाडी मागणाऱ्यांनी कोणते बंदर, कोणता किनारा आणि कोणाची गावे त्यासाठी द्यायची, हे आधी सांगावे. मला क्वाड देशांच्या नौदलांचा मलबार सराव किंवा २०२० चा भारत-जपान करार अधिक पटतो, कारण त्या करारामुळे कायमचा तळ न देताही परस्परांच्या फौजांना इंधन, रसद आणि दुरुस्तीची सोय मिळू शकते.