एका फ्लॅटला एकच कुत्रा म्हणे!

सकाळी दूध आणायला निघाले तर लिफ्टमध्ये नोटीस. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, यापुढे एका सदनिकेत एकच कुत्रा ठेवता येईल. जास्तीच्या कुत्र्याची महिन्याभरात अन्यत्र सोय करावी.' खाली चेअरमनसाहेबांची सही, शिक्का. 'जास्तीचा' वाचून डोकंच फिरलं. जास्तीचा कुत्रा म्हणजे काय हो? मोडकी खुर्ची आहे का, गच्चीवर नेऊन टाकायला?

आमच्याकडे दोन आहेत हे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. भाऊ हा मूळचा कुत्रा, आता नऊ वर्षांचा. चिंधी कशी आली ते ऐका. २०२१ च्या पावसाळ्यात सी विंगमधले भाडेकरू रातोरात गेले आणि जाताना पिल्लू ड्राय बाल्कनीत बांधून गेले. नायलॉनची दोरी, पालथं पडलेलं पाण्याचं भांडं, रडून रडून बसलेला आवाज. तेव्हा मला फोन कुणाचा आला? याच चेअरमनसाहेबांचा. "ताई, तुम्हीच न्या हो, तुम्हाला सवय आहे. एकाचे दोन, काय फरक पडतो!"

काय फरक पडतो. तुमचेच शब्द, साहेब.

बंगळुरूच्या महापालिकेनं २०१८ साली हेच करून पाहिलं होतं. फ्लॅटला एक, बंगल्याला तीन. इतकी ओरड झाली की नियम बासनात गेला. गाझियाबादनं २०२२ मध्ये घरटी एक कुत्रा असं ठरवलं. पण त्या निदान महापालिका! आपण कोण? पशु कल्याण मंडळानं २६ फेब्रुवारी २०१५ च्या सूचनांत लिहून ठेवलंय की बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. यावर सेक्रेटरी म्हणतात, "बंदी कुठाय मॅडम, फक्त संख्या ठरवलीय." अहो, चिंधीसाठी ती बंदीच ना? का तिनं निम्मं राहायचं?

ए विंगला एकांकडे टू बीएचकेत पाच आहेत आणि त्या मजल्यावर नाक दाबून जावं लागतं. बरं, मान्य. पार्किंगमध्ये शी न उचलणाऱ्यांना दंड लावा, ठरावावर पहिली सही माझी. पण ती घाण करणारा लॅब्रॉडॉर त्याच्या घरात एकुलता एक आहे, हेही लिहा ना नोटिशीत! माझ्या दोघांचं लायसन्स आहे, दरवर्षी रेबीजची लस होते, पिशवी कायम खिशात.

जाऊ दे. चिडून लिहितेय खरी, पण साहेबांच्या नातीला मागच्या वर्षी गेटबाहेर कुत्रा चावला होता. पाच इंजेक्शनं झाली पोरीला. पहिल्या वेळी मीच गाडी काढली होती, ती माझ्या मांडीवर मुसमुसत होती. तेव्हापासून साहेब बदलले, दिसतं मला. पण म्हणून चिंधी? जिला तुम्ही स्वतः दोरी सोडून माझ्या ओढणीत ठेवलंत?

एवढं टाईप करेपर्यंत खाली त्यांची स्कूटर आली. आवाज ऐकून चिंधी उठली आणि दाराशी जाऊन बसली. रोज त्यांच्या डिकीतून पार्ले-जी निघतो ना तिच्यासाठी. आज लिफ्ट आमच्या मजल्यावर न थांबता वर गेली.

बसलीय अजून.