केरवोखे

रविवारी रात्री मी ती पाटी माझ्या दारावरून काढली आणि समोरच्या दाराच्या खिळ्यावर टांगली. सोमवारी सकाळी लेक्चरला निघतो तर पाटी परत माझ्याच दारावर. आमच्या जिन्यात वारा येत नाही, आणि आलाच तरी तो पाटी नेऊन नेमकी खिळ्यावर अडकवणार नाही. हे काम तळमजल्यावरच्या आजींचं.

पाटी लाकडी. तिच्यावर झाडूचं चित्र आणि खाली वळणदार अक्षरात 'केरवोखे', म्हणजे झाडण्याचा आठवडा. ज्याच्या दारावर पाटी, त्याने तो आठवडा जिना झाडायचा, मग पाटी पुढच्या दारावर. जर्मनीतल्या स्टुटगार्ट आणि आसपासच्या श्वाबियन मुलखाचा हा कुळाचार. मूळ शोधत गेलं तर इथला तेव्हाचा राज्यकर्ता काउंट एबरहार्ड याच्या काळापर्यंत जातं. १४९२ साली शहराच्या नियमांत आलं, की प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. त्याच वर्षी कोलंबस भारत शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला. तो सुटला. मी भारतातून निघालो आणि थेट या जिन्यात सापडलो.

नाशिकच्या कन्सल्टंटने मला दोन पानी चेकलिस्ट दिली होती. एपीएसचं सर्टिफिकेट, म्हणजे मार्कशीट खऱ्या असल्याचा दाखला, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, हेल्थ इन्शुरन्स, थर्मल. झाडूचं नाव कुठे नव्हतं. आमच्या सोसायटीत जिना झाडायला एक काका येतात. ते झाडत असताना पाय उचलणं एवढाच माझा या क्षेत्रातला अनुभव.

तरीही शनिवारी मी जिना झाडला. मनापासून, कोपरे काढून. खालच्या पायरीवर पोचतोय तोच तळमजल्याचं दार उघडलं. आजी ऐंशीच्या पुढच्या, केस जागच्या जागी, आणि एप्रनला इस्त्री. एप्रनला इस्त्री करणाऱ्या बाईशी कुणी वाद घालू नये.

"झाडलंत?"

"हो."

"पुसलंत?"

पाटीवर झाडू आहे, फडकं नाही. मी वर, पाटीच्या दिशेने बोट दाखवलं. आजींनी माझ्या बोटाकडे पाहिलं आणि स्वतःचं बोट कठड्याखालून फिरवलं. वरून नाही, खालून, जिथे बांधकाम झाल्यापासून कुणाचा हात गेला नसेल तिथून. मग ते बोट दिव्याखाली धरलं. बोट स्वच्छ निघालं. त्यांचा चेहरा पडला.

मग त्या जिना चढू लागल्या. मागे मी, बादली-फडक्याशिवाय, म्हणजे जवळजवळ उघडाच. प्रत्येक पायरीवर एक वाक्य, आणि तेही श्वाबियन बोलीत. मी पुण्यात बी-वन पातळीपर्यंत जर्मन शिकलोय, सर्टिफिकेट आहे. पण ही बोली म्हणजे पुस्तकातून मराठी शिकलेल्याला कुणी मालवणीत झापावं तशी. याची लाज बिज इथे कुणाला नाही. १९९९ मध्ये या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने स्वतःची जाहिरातच केली : आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. आम्ही प्रमाण जर्मन शिकायला फी भरतो आणि यांनी ते येत नसल्याची पोस्टरं लावली!

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आजी थांबल्या. एक हात गुडघ्यावर ठेवून वाकल्या आणि कोपऱ्यातून दोन बोटांनी काहीतरी उचललं.

कढीपत्ता. आईने वाळवून दिलेल्या पुडीतलं एक पान. कधी पडलं, देव जाणे.

"हे काय?"

"पान."

"कुठल्या झाडाचं?"

"करीच्या झाडाचं," मी म्हणालो. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक करीवुर्स्ट, म्हणजे करी पावडर घातलेलं सॉसेज आलं, कारण सॉसेज झाडाला लागतात हे कुणी सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पान नाकाशी नेलं, हुंगलं, लांब धरलं. आणि मग खरी पंचाईत झाली. माझी नव्हे, नियमांची. केरवोखे दोन असतात. छोट्यात आतला जिना आणि पॅसेज. मोठ्यात अंगण, फूटपाथ, तळघर, कचऱ्याचे डबे आणि थंडीत बर्फ. पानं, म्हणजे झाडाची पानं, मोठ्यात मोडतात. पण हे पान जिन्यात पडलेलं. आजी पान धरून विचार करत राहिल्या. हायकोर्टात याहून लवकर निकाल लागतो असं मी म्हणणार नाही, पण बाक तरी असतो बसायला.

"हे पान बाहेरून आलंय का?"

"नाशिकहून."

"म्हणजे बाहेरून."

निकाल लागला. जिनाही माझा, अंगणही माझं. शिवाय पान तपकिरी डब्यातच टाकायचं, काळ्यात नाही. हे सांगताना त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटली.

रात्री चिडून त्या झाडाची माहिती काढली. शास्त्रीय नाव मुराया कोएनिगी. त्यातला कोएनिग म्हणजे योहान गेरहार्ड कोएनिग, बाल्टिक जर्मन, झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा शिष्य. अठराव्या शतकात तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला राहून झाडं गोळा करत हिंडला. म्हणजे ज्या पानावरून माझ्यावर खटला चालला, त्याचा सातबारा त्यांच्याच माणसाच्या नावावर! हे आजींना ऐकवायला मी वाक्य जुळवायला घेतलं. क्रियापद शेवटी, विभक्ती नीट. अजून जुळतंय.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण समोरच्या खोलीत एक पोरगा राहतो, इथलाच, तीस किलोमीटरवरच्या गावचा. त्याच्या दारावर मागे पूर्ण आठवडा पाटी होती. त्याच्या हातात झाडू मी पाहिला नाही, आणि त्याच्या कठड्याखालून बोटही फिरलं नाही. सोमवारी आजींना विचारलं, पाटी परत माझ्याकडे का? म्हणाल्या, त्याची परीक्षा आहे बिचाऱ्याची. आम्ही एकाच वर्गात आहोत! पेपर तोच, हॉल तोच. फक्त तो बिचारा आणि मी बाहेरचा. यावर कुणाला हसू येत असेल तर येवो, मला त्या दिवशी आलं नाही.

घरमालकाला सविस्तर ईमेल लिहिली. उत्तर टपालाने आलं. त्यात समोरच्या पोराबद्दल अक्षर नव्हतं. सोबत हिवाळ्याची यादी होती, पट्टीने आखलेली. जानेवारीचा शेवटचा आठवडा, मोठं केरवोखे, पुढे माझं आडनाव, दोन चुकांसह. कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत फूटपाथवरचा बर्फ काढायचा, नाहीतर कुणी घसरून पडलं तर जबाबदारी माझ्यावर. इथे तेव्हा सूर्यच आठच्या सुमारास उगवतो. बर्फाशी माझा आजवरचा संबंध उसाच्या रसापुरता. फावडं तळघरात आहे म्हणे, आणि तळघराची किल्ली आजींकडे.