एका माणसाला दोनच रॉड: आमच्या तळ्यावरच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या गळाने मासे धरायच्या तळ्याला एक स्टार दिलात आणि खाली सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. रविवारी तुम्ही चार रॉड घेऊन आलात, आमच्या पोरांनी दोनच लावू दिले. तुम्ही दुसऱ्या तिकिटाचे पैसे पुढे केलेत, तेही घेतले नाहीत. रॉड किती लावावेत याचा आपल्याकडे कायदा नाही, इंग्लंडमध्ये तुम्ही तीन-तीन रॉड लावून कार्प मासे धरलेत, मग शीळफाट्याजवळच्या एका तळ्यावर ही मुजोरी कशाला, असा तुमचा सवाल. आणि आमच्या मुलाने न विचारता तुमच्या रॉडला हात लावला.

शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण मी तेव्हा समोरच्या बांधावर उभा होतो. तुमचे दोन्ही रॉड स्टँडवर होते आणि तुम्ही गाडीकडे गेला होतात. डाव्या रॉडचं टोक दोनदा लवलं, मग दोरीचं रील करकरायला लागलं, आणि बघता बघता स्टँडचा खुंट मातीतून उपटला. रॉड मुठीपर्यंत पाण्यात गेला तेव्हा पोराने ओट्यावर पालथं पडून तो धरला. तुम्हाला हाकाही मारल्या. गळाला कटला जातीचा मासा होता. काठाला आणला तेव्हा गळ ओठात नव्हता, पार घशात उतरला होता आणि कल्ल्यातून रक्त येत होतं. ओढून काढला असता तर मासा तिथेच मेला असता. म्हणून आम्ही गळाजवळ दोरी कापली, माशाला ओल्या हातांनी पाण्यात सरळ धरून ठेवलं आणि त्याने स्वतः शेपूट मारल्यावर सोडलं. पोराने हात लावला नसता तर तुमचं रील गेलं असतं आणि तो मासा घशात गळ, मागे लांबलचक दोरी आणि तुमचा रॉड घेऊन तळ्यात फिरत राहिला असता. त्या पोराने जे केलं ते योग्यच केलं. उद्याही तो हेच करेल.

मासा आमिष तोंडात घेतो त्या क्षणी माणूस रॉडजवळ असेल तर हलक्या हिसक्यात गळ ओठाच्या कडेला बसतो. माणूस जवळ नसेल तर मासा आमिष गिळत जातो. आमच्याकडे मोठा मासा परत सोडायचा नियम आहे, आणि घशात गळ अडकलेला मासा परत सोडण्यात फारसा अर्थ उरत नाही. रॉडच्या संख्येचा सगळा प्रश्न मला इथे सुरू होताना दिसतो. किती मासे धरलेत यापेक्षा किती रॉडवर एका माणसाचं खरोखर लक्ष राहतं, हे महत्त्वाचं.

आता कायदा. १८९७ चा इंग्रजांच्या काळातला मत्स्यव्यवसाय कायदा रॉड मोजत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. त्याचा भर सुरुंग लावून मासे मारण्यावर आणि पाण्यात विष किंवा चुना टाकण्यावर आहे. जाळ्यांचे प्रकार आणि मापं ठरवणं, एखाद्या पाण्यात काही काळ मासेमारी बंद ठेवणं, असे नियम करायचा अधिकार त्याने सरकारला दिला. पण त्यातच एक तरतूद आहे: खाजगी पाण्याला ते नियम लावायचे तर मालकाची लेखी संमती हवी. म्हणजे खाजगी तळ्यावर काय चालू द्यायचं याची जबाबदारी कायद्याने बरीचशी मालकावरच टाकली. आमचं तळं म्हणजे वीटभट्टीच्या मातीसाठी खणलेला जुना खड्डा. त्यात माशांचं बीज सोडलं आम्ही, खाद्य घालतो आम्ही, आणि सकाळी मेलेला मासा तरंगताना दिसला तर तो उचलतोही आम्हीच. तिथला नियम आम्ही नाही करायचा तर कोणी करायचा?

इंग्लंडचा दाखला तुम्ही दिलात ते बरं झालं, कारण तळं सुरू करण्याआधी मी तिथले नियम मुद्दाम वाचून काढले होते. तिथे सरकारी रॉड लायसन लागतं. साध्या लायसनवर दोन रॉड. कार्पवाल्यांसाठी वर्षभराचं वेगळं लायसन मिळतं, त्यावर तीन. दोन-दोनची दोन लायसनं घेतली तर चार रॉडही लावता येतात, पण त्यापुढे नाही. तुम्ही तीन लावलेत ते याच हिशेबात बसतं. पण नदीत किंवा कालव्यात सॅमन-ट्राउट माशांच्या मागे असाल तर तिथे एकच रॉड. आणि जास्त रॉड लावले की दोन टोकांच्या रॉडच्या मुठींमधलं अंतर ३ मीटरच्या वर जाता कामा नये. म्हणजे तिसरा रॉड मिळाला तरी तो तुमच्या हाताच्या टप्प्यातच राहायला हवा. याहून कडक नियम पुढचा आहे: आमिष लावलेला रॉड पाण्यात ठेवून निघून जाणं, किंवा कधीही झटकन ताबा घेता येणार नाही इतकं लांब जाणं, हा तिथे गुन्हा आहे. शिवाय लायसन मिळालं म्हणून कोणाच्याही तळ्यावर बसता येत नाही. मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी लागते, आणि त्यांचे नियम सरकारी नियमांपेक्षा कडक असू शकतात. रविवारी आमच्या तळ्यावर जे घडलं ते इंग्लंडच्या काठावर घडलं असतं तर प्रश्न तिसऱ्या रॉडचा नसता, सोडून गेलेल्या पहिल्या दोन रॉडचा असता.

बाकी जगातही आकडा जागेप्रमाणे बदलतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या गोड्या पाण्यात मूळ लायसनवर एकच रॉड, दुसऱ्यासाठी जादा पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. मिनेसोटात उन्हाळ्यात एक दोरी आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर दोन. बर्फाला भोक पाडून दोरी सरळ खाली सोडतात, ती शेजाऱ्याच्या दोरीत जात नाही, म्हणून तिथे सूट परवडत असावी असं मला वाटतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये गोड्या पाण्यात दोन, खाऱ्या पाण्यात चार. एकच आकडा सगळीकडे नाही, पण गोड्या, बंदिस्त पाण्यात हात आखडता ठेवायचा हे बऱ्याच ठिकाणी दिसतं.

मग दुसऱ्या तिकिटाचे पैसे का नाही घेतले? कॅलिफोर्निया घेतं, इंग्लंड घेतं, आम्हालाही घेता आले असते. तुमच्यासारखे चार रॉडवाले दर रविवारी येतात, दुप्पट गल्ला झाला असता. पण दुसऱ्या तिकिटाने तुम्हाला आणखी दोन हात येत नाहीत. चार रॉड लावलेत आणि एकाला चार-पाच किलोचा रोहू लागला, तर तो काठाला आणेपर्यंत उरलेले तीन रॉड पाण्यात बेवारस. रोहू सरळ येत नाही, आडवा पळतो. तुमच्या दुसऱ्या दोरीत जातो, मग तिसऱ्या, मग शेजारच्या ओट्यावरच्या आजोबांच्या. दोनच रॉड असले तर शेजारचा माणूस नाहीतर आमचा पोरगा दुसरा रॉड उचलून दोरी गुंडाळून घेतो आणि तुम्हाला मोकळं पाणी मिळतं. आमचे ओटे जवळजवळ आहेत, तळं छोटं आहे. समुद्रकिनारी रांगेने रॉड रोवून बसणं वेगळं आणि इथे बसणं वेगळं.

गुंता झाला की लोक दोरी कापतात, आणि कापलेली दोरी जाते पाण्यात. एकदा पलीकडच्या बाभळीवर एक पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसला. ते पंख वाळवायला पसरतातच, म्हणून आधी कोणी लक्ष दिलं नाही. पण तो बराच वेळ हलेना. जवळ जाऊन पाहिलं तर एका पंखाला नायलॉनच्या दोरीचे वेढे आणि दोरीचं दुसरं टोक फांदीत. दोरी इतकी रुतली होती की खालचं कातडं सोललं होतं. टॉवेल टाकून धरला, कात्रीने एकेक वेढा कापला. तो उडाला, पण खाली उडाला, पाण्याला घासत. तेव्हापासून काठावर तुटलेल्या दोरीसाठी डबे ठेवलेत, आणि दोन रॉडच्या नियमात कोणालाही सूट देत नाही. ओळखीच्यांनाही नाही. माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही नाही. लहान मूल बरोबर असेल तर दोनांतला एक रॉड मुलाच्या हातात द्या, ते आम्हाला आवडतं.

उन्हाळ्याचंही सांगतो, कारण तुम्ही आलात ते मे महिन्यात. आमचं पाणी हिरवं आहे. रात्री शेवाळ स्वतःच ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. अशा सकाळी मासे वर येऊन तोंड वासतात, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर चालू ठेवावा लागतो. त्यात मासा वीस मिनिटं गळाशी झुंजला की सोडल्यावरही सावरेलच याची खात्री नसते. म्हणून मे महिन्यात आम्ही फाटक उशिरा उघडतो. उशिरा उघडण्याबद्दलही तुम्ही लिहिलंयत, त्याचं कारण हे.

दोन रॉडमध्ये काही कमी पडत नाही, हे मात्र मी मनापासून सांगतो. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. एक रॉड तरंडावर, म्हणजे दोरीला तरंगता तुकडा लावून, वरच्या पाण्यात, शेंगदाण्याच्या पेंडीचा सैल गोळा लावून. दुसरा शिशाचं वजन लावून तळाला. खालून काही येत नसेल तर तो अर्ध्यावर उचला. तिन्ही थर झाले. आमच्याकडे भरपूर मासे धरणारे जे जुने लोक आहेत, त्यांच्यातले बरेच जण एकच रॉड लावतात आणि त्याच्यावरून नजर हलवत नाहीत.

खाडीवर कोणी विचारत नाही, असंही तुम्ही लिहिलंयत. खाडीवर माझा काही अधिकार नाही. पण ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. रॉड घेऊन जाण्याआधी कुठे जाता येतं आणि कुठे नाही, ते वन विभागाकडे विचारून जा. शिवाय तिथे कोळी बांधवांची जाळी लागलेली असतात. त्यांच्या पोटावर आपला गळ पडू नये.

राहिली गोष्ट पैशांची. नियम फाटकावरच्या बोर्डावर आहे आणि बुकिंगच्या मेसेजमध्ये पहिल्याच ओळीत आहे, त्यामुळे पूर्ण तिकीट परत देणार नाही. पण तुम्ही अकरालाच निघून गेलात, दुपारचं सत्र तुमचं बाकी आहे. मंगळवार ते शुक्रवार कधीही या, गर्दी नसते, दक्षिणेकडचा सावलीचा ओटा देतो. तुटलेल्या दोरीच्या बदल्यात नवी दोरी आणि एक गळ काउंटरवर तुमच्या नावाने ठेवलाय. येताना रॉड दोनच आणा.