ती बिअरवाली जुनी चित्रं रॉकवेलची नाहीत

तो फॉरवर्ड परत फिरतोय, "१९५० चं अमेरिका बघा, आख्खं कुटुंब मिळून बिअर पितंय, सगळे हसतायत, नॉर्मन रॉकवेलने जसं होतं तसं रंगवलंय". रॉकवेल म्हणजे अमेरिकेतल्या रोजच्या जगण्याची चित्रं काढणारा प्रसिद्ध चित्रकार. तर जरा थांबा. ही सगळी जाहिरात आहे हो. बिअर बनवणाऱ्यांची संघटना होती, युनायटेड स्टेट्स ब्रूअर्स फाउंडेशन, तिने १९४५ ते १९५६ "बिअर बिलाँग्ज" नावाची सिरीज चालवली, वेगवेगळ्या चित्रकारांकडून शंभरावर चित्रं काढून घेतली. त्यातली बरीच डग्लस क्रॉकवेलची, आणि गंमत म्हणजे रॉकवेलशी घोळ नको म्हणून हा माणूस सही नुसती "डग्लस" अशी करायचा, तरी घोळ झालाच.

आता मुद्दा असा की १९२० ते १९३३ तिथे देशभर दारूबंदी होती, म्हणजे बिअर घरात शोभते हे लोकांच्या गळी उतरवायलाच ही सिरीज होती, आधीच सगळं तसं असतं तर एवढा खर्च केला कशाला असता? मिसिसिपी राज्यात तर राज्यपातळीवरची दारूबंदी १९६६ मध्ये उठली. आणि चित्रातली माणसं बघा, बहुतेक सगळे गोरे, बंगल्यातले, इस्त्रीच्या कपड्यातले. त्याच काळात दक्षिणेत काळ्या लोकांना वेगळ्या शाळा, बसमध्ये मागची सीट. ते यात कुठेच नाही, काळ्या ग्राहकांसाठी कंपन्या वेगळ्या मासिकात वेगळ्या जाहिराती द्यायच्या. चित्रं मात्र देखणी आहेत, शेअर करा बिनधास्त, फक्त खाली "जाहिरात" लिहा.